नावाची मूठ

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. हायवेवरच्या एका हॉटेलच्या हॉलबाहेर मी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर नावांची यादी, हातात पेन, शेजारी बादलीत गुलाबाची फुलं. आमच्या कंपनीची वार्षिक पार्टी होती. येईल त्याच्या नावापुढे खूण करायची आणि हातात फूल द्यायचं, हे माझं काम. यादीत ११२ नावं होती. साडेआठ वाजले तेव्हा मी खुणा मोजल्या, तर ५८ भरल्या. बादली निम्मी भरलेली तशीच.

आमचा कारखाना जळगावच्या एमआयडीसीत आहे. प्लास्टिकच्या चटया विणतो. जळगावात चटईचे कारखाने पुष्कळ, त्यातला आमचा मध्यम. मी तिथे ऑफिसात हजेरी, पगार, पीएफ, रजा हे सगळं बघते. त्यामुळे पार्टी माझ्याच गळ्यात आली होती, आणि मी ती मनापासून ठरवली होती. हॉटेल चांगलं निवडलं, ताटामागे ४५० रुपयांचा बुफे ठरवला, शंभर ताटांची हमी दिली, डीजे सांगितला, उत्कृष्ट कामगारांसाठी बक्षिसं आणली. कागदावर काही म्हणजे काही राहिलं नव्हतं.

आत गेले तर दृश्य असं: शेठचं भाषण चाळीस मिनिटं चाललं होतं आणि लोक भिंतीला पाठ लावून उभे होते. जेवण सुरू झालं तरी लूमवरची, म्हणजे विणायच्या मशीनवरची, मुलं एका कोपऱ्यात, ऑफिसवाले दुसऱ्या. पॅकिंगला आमच्याकडे ३४ बायका आहेत, त्यातल्या चौघी आल्या होत्या. त्यातल्या एक मावशी नवी साडी नेसून, पर्स छातीशी धरून दाराजवळच उभ्या होत्या. मी ताट आणून दिलं, तर त्या म्हणाल्या, "मले उभ्यानं नही जेवता येत व माय. आन् शेवटची गाडी गेली त मंग गावाले कशी जाऊ?" ताट तसंच माझ्या हातात ठेवून त्या निघून गेल्या. मागच्या तेवीस वर्षांत त्यांनी जेवढ्या चटया घड्या घालून बांधल्या असतील, तेवढ्या अंथरल्या तर आमच्या गावापासून भुसावळपर्यंत जातील. आणि त्या उपाशी गेल्या.

मी हवा खायला बाहेर आले. पार्किंगमध्ये कंपनीचा छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, उभा होता. त्याच गाडीतून केक, बक्षिसं, खोकी सगळं आलं होतं. ड्रायव्हरदादा आत बसून कागदाच्या पुड्यातली भेळ खात होते.

"दादा, आत जेवायला नाही आलात?"

"यादीत नाव नही ना ताई. मी ठेकेदाराकडचा."

सहा वर्षं ते आमची गाडी चालवत होते. बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. यादी मीच टाइप केली होती. पगाराच्या शीटवरून नावं उचलली आणि चिकटवली, एवढंच. ठेकेदाराची माणसं त्या शीटवर नसतात. लूमचे हेल्पर, लोडिंगवाले, गेटवरचे वॉचमन, झाडूवाल्या बायका मिळून ४६ जण होते. एवढी माणसं माझ्या डोक्यात आलीच नव्हती. आत बेचाळीस ताटांचं अन्न उरलेलं आणि ज्याने केक आणला तो माणूस गाडीत बसून भेळ खातोय. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि जे आठवत राहिलं ते लहानपणीचं होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई देवी बसते. भाऊबंदकी एकत्र येते, तिच्या प्रसादाचे रोट होतात. रोटाचे गहू मोजायचं काम आमच्या आजीचं. ती ओसरीवर सूप घेऊन बसायची आणि घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकायची. आजोबांच्या नावाची मूठ, बाबांच्या नावाची, पाळण्यातल्या चुलतभावाच्या नावाची. सुरतेला कामाला गेलेले काका त्या वर्षी येणार नाहीत हे पत्रातून कळलेलं असायचं, तरी त्यांच्याही नावाची मूठ पडायची. मी एकदा विचारलं होतं, काका तर येणार नाहीत. आजी म्हणाली, "आला नाही म्हनून घरातून गेला का तो?" आधी नावं, मग धान्य. किती जण जेवतील हा हिशेब त्यानंतरचा.

माझ्या नावाची मूठ मात्र सुपात कधी पडली नाही. मुलींची नसतेच. मी दरवर्षी सुपाजवळ बसायचे आणि शेवटचं नाव होईपर्यंत थांबायचे. आजीवर माझा जीव होता आणि तरीही ते लागायचं. पॅकिंगच्या मावशी ताट परत देऊन गेल्या, ड्रायव्हरदादा "यादीत नाव नही" म्हणाले, तेव्हा तीच जुनी जागा दुखली असावी.

पुढच्या वर्षी पार्टीचा विषय निघाला तेव्हा मी शेठना म्हटलं, या वेळी हॉटेल नंतर बघू. आधी मला आठ दिवस द्या, मी प्रत्येकाशी बोलते.

बोलल्यावर जे कळलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं. बायका येत नव्हत्या कारण पार्टी संध्याकाळी होती. असोदा, भादली, नशिराबाद, कुणी ममुराबादकडच्या. रात्री नऊला हायवेवरून घरी कसं जायचं, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. लूमवरच्या मुलांपैकी बरेचजण दुसऱ्या शिफ्टला होते. आमच्याकडे प्लास्टिकच्या दाण्यापासून धागा काढणारं मशीन मधेच बंद केलं तर आतला वितळलेला माल घट्ट बसतो, मग ते पुन्हा तापवून साफ करून चालू करण्यात तासन् तास जातात. म्हणून पार्टीच्या दिवशीही शिफ्ट चालू होती, आणि "सगळ्यांची" पार्टी अर्ध्यांनी कानांनीच ऐकली होती. काहींनी कपड्यांचं सांगितलं. हॉटेलात काय घालून जायचं? एक तरुण मुलगा म्हणाला, माझ्याकडे चपलाच आहेत, बूट नाहीत. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

आणि एक जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते स्पष्टच बोलले. "ताई, पार्टी नको. जे काय खर्च करनार ते हातात द्या." बाकीचे हसले, पण मला ते म्हणणं बरोबर वाटलं. खोदून विचारल्यावर कळलं की दिवाळीच्या बोनसमधून पार्टीचे पैसे कापले जातात अशी शंका बऱ्याच जणांना होती. खरं तर किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने कामगाराच्या हक्काचा, त्याचा आणि पार्टीचा काही संबंध नाही. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वर्षी शेठनी बोनस वसुबारसेच्या आधी दिला, फळ्यावर हिशेब लिहिला, आणि खाली माझ्या हस्ताक्षरात एक ओळ: पार्टीचा खर्च वेगळा, कुणाच्याही पैशातून नाही. कंपनीत पार्टी ठरवणाऱ्या कुणालाही मी आज हेच आधी सांगेन. लोकांच्या देण्याघेण्यात किंतु असेल तर तुमच्या गुलाबजामला गोडी येत नाही.

आप्पांना मी विचारलं, समजा पैसे कापले नाहीत आणि पार्टी करायचीच, तर कशी करायची? ते म्हणाले, "करायचीच असंन त भरिताची करा. वावरात."

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. हिवाळ्यात आमच्याकडे भरीत पार्टी ही सणासारखी असते. चातुर्मासात वांगं वर्ज्य असणाऱ्या घरांतून ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू होतं, आणि मग नवी वांगी बाजारात आली की माणसं टोळीटोळीने शेतावर निघतात. वांगी म्हणजे काळी-जांभळी नव्हेत. आमची भरिताची वांगी हिरवी, पांढुरक्या रेघांची, एकेक पाव किलोच्याही वर भरणारी, बिया कमी आणि गर लोण्यासारखा. बामणोदची, असोद्याची, भादलीची वांगी नावाने मागतात. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

आप्पांचं ऐकल्याबरोबर माझ्या मनात सगळ्या गाठी एकेक करून सुटायला लागल्या. दुपारची वेळ, म्हणजे बायका येतील. शेत, म्हणजे चप्पल चालेल. पंगत, म्हणजे उभ्याने जेवायचं नाही. आणि भरीत शेठच्या घरी होतं तसंच हेल्परच्या घरीही होतं. कोणता चमचा कुठल्या हातात धरायचा, हे कुणाकडे बघून शिकावं लागत नाही.

साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला. आदल्या रात्रीपासून मशीन बंद. डिसेंबरचा तिसरा आठवडा निवडला, कारण त्याआधी कपाशीची वेचणी असते आणि आमच्या निम्म्या लोकांची थोडीफार शेती आहे. लग्नाच्या तिथी बघितल्या. भादलीकडे एका सुपरवायझर दादांचं शेत आहे. विहीर, एका बाजूला केळीचा बाग, बांधावर जुनं कडुनिंब. दादा आनंदाने हो म्हणाले.

मग यादी. या वेळी मी पगाराची शीट उघडलीच नाही. गेटवरचं आवक-जावक रजिस्टर घेतलं, कारण आत येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव त्यात असतं. १५८ नावं निघाली. ठेकेदाराच्या माणसांवरून ऑफिसात थोडा वाद झाला. एकाचं म्हणणं पडलं की त्यांना कंपनीच्या कार्यक्रमाला बोलावलं तर उद्या ते कायम करा म्हणतील. मी म्हटलं, पंगतीला बसल्याने कुणी कायम होत नसतं, आणि ज्यांनी कायम व्हायची मागणी करायची ते भरीत न खाताही करू शकतात. शेठ ऐकत होते. ते म्हणाले, १५८ धरा.

तयारीतल्या पुष्कळ गोष्टी मी झटपट सांगून टाकते: दोन बस, पाण्याचे जार, प्रथमोपचाराची पेटी, दोऱ्या, मंडप नाहीच. पण एका गोष्टीवर मात्र थांबते, कारण त्यावर कुणी बोलत नाही. शेतावर संडास एकच होता. साठ-सत्तर बायका-मुली दिवसभर येणार. त्या पाणी पिणं टाळतात, दुपारी डोकं धरून बसतात, आणि "बरं वाटत नाही" म्हणून लवकर निघतात. मी स्वतः कितीतरी कार्यक्रमांत हेच केलं आहे. म्हणून बजेटातला पहिला खर्च मी फिरत्या शौचालयाचा लिहिला, डीजेच्या जागी. दोन कप्प्यांचं, बायकांसाठी, केळीच्या बागेपलीकडे, पाण्याच्या ड्रमसह. त्याला विरोध झाला नाही, पण कुणाला ते सुचलंही नव्हतं.

दुसरी अडचण स्वयंपाकाची. पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, कळण्याच्या भाकरी आम्हीच करतो. ज्वारीत काळे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची ही भाकरी, भरिताची जोडीदारीण. त्यांचा उत्साह खरा होता, तरी मी नाही म्हटलं. वर्षातून एकदा त्यांची पार्टी, आणि त्या दिवशीही त्यांनीच धुरात चुलीपुढे बसायचं? गावातल्या बचत गटाच्या बायकांना नगावर पैसे ठरवून भाकरी आणि पुऱ्या दिल्या. आमच्या बायकांना निरोप दिला की तुम्ही नुसत्या या. एकीने मला विचारलं, "नुसतं येऊन काय करायचं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आल्यावर बघू.

फळ्यावरच्या सूचनेत शेवटी लिहिलं: येताना घरून एक डबा आणावा.

त्या दिवशी सकाळी नऊला बस पोचली तेव्हा बांधावर अजून दव होतं. खान्देशातला उन्हाळा ४५ अंशांवर जातो, पण हिवाळ्याची सकाळ गोड असते. कोवळं ऊन, पोटात जाणारी थंड हवा, आणि केळीच्या पानांवरून टपटपणारं पाणी. ५० किलो वांगी कडुनिंबाखाली पोत्यावर ओतली होती. आप्पांनी एकेक वांगं उचलून बघितलं, किडकी पाच-सात बाजूला काढली, मग सगळ्यांना कामाला लावलं. वांग्याला तेलाचा हात, आणि सुरीने दोन-तीन टोचे, नाहीतर जाळात फुटतं.

काड्या गेल्या हंगामातल्या कपाशीच्या, खडखडीत वाळलेल्या. त्यांचा जाळ भसकन येतो आणि लवकर बसतो, म्हणून ठिबकच्या नळ्यांपासून आणि वाळल्या पानांपासून लांब, उघड्या जागेत लांबट ढीग रचला होता, शेजारी पाण्याचे दोन ड्रम. काड्या पेटल्या, वांगी वर मांडली गेली. पाच मिनिटांत हिरवी सालं काळी पडायला लागली. देठाजवळून वाफेची बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, आणि तो वास. कपाशीच्या काडीचा धूर वांग्याच्या गरात उतरतो, गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो कधी येत नाही. लूमवरची पोरं लांब काठ्यांनी वांगी उलटवत होती, डोळे चोळत होती, एकमेकांवर ओरडत होती. रोज मशीनच्या खडखडाटात त्यांना खुणेने बोलावं लागतं. मी त्यांचे आवाज इतके मोठ्याने पहिल्यांदाच ऐकले.

सालं काढायला बायका आपण होऊन बसल्या. मी अडवायला गेले तर मावशी, त्याच, पर्स छातीशी धरणाऱ्या, मला म्हणाल्या, "बस इथी. हे काम नही, हे गप्पा हायेत." बोटं पाण्यात बुडवायची, देठ धरायचा, वरून खाली एका ओढीत साल काढायचं. माझी बोटं भाजली. त्यांची नाही. त्यांच्या बोटांना चटईच्या कडा ओढून ओढून घट्टे पडलेले आहेत.

मग बडगी. लाकूड कोरून केलेलं खोलगट भांडं, त्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधी ठेचायचा, मग वांगी घालून लाकडी मुसळीने सगळं एकजीव करायचं. मिरची किती, यावर लोडिंगवाले आणि ऑफिसवाले यांच्यात चांगलीच जुंपली. फोडणी द्यावी की कच्चंच ठेवावं, यावर तर त्याहून मोठी. शेवटी दोन भाग केले. एकात शेंगदाणे, जिरं, कांद्याची पात घालून तेलाची खमंग फोडणी, दुसरं नुसतं पात-कोथिंबीर कालवून. माझं मत विचाराल तर कच्चं. फोडणीने धूर झाकला जातो.

पंगतीला अंथरायला कारखान्यातूनच चटया आणल्या होत्या, कडेला दोष असलेल्या, विकायला न गेलेल्या. कडुनिंबाखाली चार ओळी झाल्या, समोर केळीची पानं. बसता बसता एक लूमवाला मुलगा थांबला, चटईची कड बोटांत धरून उलटी केली आणि म्हणाला, "ही आठ नंबरवरची. माझी आहे. या दिवशी ताण ढिला पडला होता." शेजारच्याने आपली उलटून बघितली. मग सगळी ओळ वाकून आपापल्या चटया बघायला लागली, कुणाची कोणत्या लूमची, रंग कोणत्या महिन्यातला. इतकी वर्षं या लोकांनी लाखो चटया विणल्या, आणि कारखान्याच्या चटईवर मांडी घालून जेवायला बसायची त्यांच्यातल्या बहुतेकांची ती पहिलीच वेळ होती.

शेठना मी आधीच दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. भाषण नाही, माईकच आणलेला नाही. आणि पहिल्या पंगतीत बसायचं, मधल्या ओळीत, ऑफिसवाल्यांपासून लांब. ते बसले. एका बाजूला लोडिंगचा माणूस, दुसऱ्या बाजूला झाडूवाल्या काकूंचा नातू. पहिली पाच मिनिटं त्या ओळीत कुणी बोलेना. मग शेठना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि लोडिंगवाल्या भाऊंनी स्वतःच्या पानावरचा मुळा त्यांच्या पानावर ठेवला. "याच्याबरोबर खा शेठ, तिखट कमी लागंन." तिथून बोलणी सुरू झाली. पिकाची, पोरांच्या शाळेची, एकदा चक्क बोनसची. जेवण झाल्यावर तासाभराने शेठ निघाले, हेही ठरलेलंच होतं. मालकाने यावं, जेवावं आणि वेळेवर जावं. ते गेल्यावर लोक जास्त मोकळे होतात. त्यात त्यांचा अपमान नाही, हे त्यांना पटवायला मला बरेच दिवस लागले होते.

मी खेळ ठरवून आणले होते, संगीत खुर्ची वगैरे. ते पिशवीतच राहिले. पोरांनी विहिरीच्या दोराने रस्सीखेच लावली. पॅकिंगच्या बायकांनी फुगड्या घातल्या आणि डिसेंबरच्या भर दुपारी गुलाबाईची, भोंडल्यासारखी, गाणी म्हटली, ऋतू नसताना, हसत हसत. धुळ्याकडच्या एक काकू अहिराणीत मला विचारत होत्या, "ताई, तुनं जेवन व्हयनं का?" माझं झालं नव्हतं. तिसऱ्या पंगतीला त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि स्वतः वाढलं.

चुका झाल्या. ताक दुसऱ्या पंगतीलाच संपलं. एक बस सकाळी पाऊण तास उशिरा आली आणि गावच्या फाट्यावर बायका थंडीत उभ्या राहिल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं. दारू नाही असं ठरलं होतं, तरी एकजण बागेच्या पलीकडून पिऊन आला. येणं-जाणं कंपनीच्या बसनेच, मोटारसायकल कुणी आणायची नाही, हा नियम त्याच्यासाठीच कामी आला. त्याला ओरडले नाही, खिडकीशी बसवलं, घराच्या दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन नुसता उभा राहिला आणि गेला. आणि खर्च कमी झाला असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. बस, शौचालय, भाकरीचे पैसे धरून हॉटेलाएवढाच झाला. फक्त या वेळी बेचाळीस ताटं वाया गेली नाहीत.

१५८ पैकी १४१ जण आले, आणि कडेवरची, बोट धरलेली धरून तेवीस पोरं. न आलेल्या १७ जणांची नावं मी बसमध्ये बसून वाचली. दोघी बाळंतीण, एकाच्या घरी सुतक, काही वेचणीला, काहींचं कारण मला ठाऊक नाही. प्रत्येकाच्या शेजाऱ्याकडे, गाववाल्याकडे डबा भरून दिला. घरून आणलेले सगळ्यांचे डबे भरले होते. भाकरीच्या चवडी, भरीत, पात. ड्रायव्हरदादांचा डबा तीन कप्प्यांचा निघाला. त्यांनी पहिल्या पंगतीला जेवून उरलेला सगळा वेळ भांडी, जार, चटया गाडीत चढवण्यात घालवला. मी म्हटलं, दादा, आज सुट्टी. ते म्हणाले, "मी माझ्या खुशीनं करून राह्यलो."

कारखान्याच्या गेटवर त्या दिवशीही दोन वॉचमन होते. कुणीतरी असावंच लागतं. पहिली पंगत बसायच्या आधी त्या दोघांचे डबे बांधून पाठवले होते, झाकणावर पट्टी चिकटवून, पट्टीवर पूर्ण नाव. नाव मी स्वतः लिहिलं, कारण मला त्यातल्या एकाचं पूर्ण नाव त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

सोमवारी सकाळी मी गेटातून आत शिरले तेव्हा काकांनी हाक मारली आणि माझा डबा परत दिला. घासून लख्ख केलेला, झाकणावरची पट्टी मात्र काढलेली नव्हती. हातात घेतला तर जड लागला. रिकामा डबा परत देत नाहीत आमच्याकडे. ऑफिसात जाऊन उघडला, तर आत पिकलेली बोरं होती, आणि तळाशी कागदाच्या पुडीत मीठ.